योग्यकर्ता नव्हे, अयोध्या

प्रश्न असा आला आहे: जावा बेटावरच्या शहराचं नाव मराठीत 'योग्यकर्ता' लिहावं की 'जोगजकार्ता'? आणि त्याचा अर्थ 'योग्य ते करणारा' असाच ना?

अर्थ साफ चूक. सहलीच्या जाहिरातींपासून व्याख्यानांपर्यंत हाच अर्थ कानी पडतो आणि दर वेळी डोकं उठतं. जावानीज 'कार्ता' म्हणजे संस्कृत 'कृत', कृतयुगातला. तिकडे त्याला समृद्धी, स्वास्थ्य असा अर्थ आला. जकार्ता म्हणजे मूळचं जयकार्ता, तेही जय-कृत. जावातल्याच सुरकार्ता शहराच्या नावातही तेच. 'कर्ता' यांपैकी कुठेच नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. १७५५ च्या गियांती तहाने जावातलं मातारामचं राज्य दुभंगलं आणि राजपुत्र मांकुबुमी नव्या राज्याचा सुलतान झाला. त्याच्या राजधानीचं दरबारी नाव आहे 'ङायोग्याकार्ता हादिनिंग्रात'. सुरुवातीचा तो ङ पाहा! मराठीत ज्या अक्षराने एकही शब्द सुरू होत नाही, ते अक्षर इथे सगळं गुपित सांगतं. वायांगच्या, म्हणजे जावातल्या छायाबाहुल्यांच्या खेळात दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा कथेकरी, हस्तिनापूरला 'ङास्तिना' म्हणतो, लंकेला 'ङालेंग्का', पांडवांच्या अमार्ताला, म्हणजे इंद्रप्रस्थाला, 'ङामार्ता'. त्या नावांची ङ नसलेली रूपं आहेत आस्तिना, आलेंग्का, अमार्ता. म्हणजे हा ङ स्वराला चिकटतो. मग 'ङायोग्या'तून तो काढला की काय उरतं? अयोग्या. म्हणजेच अयोध्या, रामाची, जिच्याशी युद्ध करता येत नाही ती. सयामच्या राजांनी १३५१ मध्ये आपल्या राजधानीला हेच नाव दिलं, ती अयुथया.

'योग्य'वाले यावर म्हणतात की जावानीजमध्ये 'योग्य' हा शब्द आहेच. आहे, आणि म्हणूनच तर 'ध्य'चा 'ग्य' होताना कुणाला खटकलं नसावं, असं माझं ठाम मत आहे. पण नाव 'योग्य'पासून निघालं असेल तर आधीचा 'अ' कुठून आला, याचं उत्तर त्यांनी द्यावं. ते न देता नुसता अर्थ जुळवणं ही व्युत्पत्ती नव्हे. जावात अशा अर्थजुळवणीला स्वतंत्र नाव आहे, 'केराता बासा'. 'गुरू' म्हणजे 'दिगुगु लान दितिरु', ज्याचं ऐकावं आणि ज्याचं अनुकरण करावं तो, अशी फोड तिथे शिकवली जाते. फोड सुंदर आहे, पण शब्द संस्कृत आहे हे त्याने बदलत नाही. 'योग्यकर्ता' ही आपण मराठीत केलेली केराता बासाच.

शब्दाच्या शेवटचा 'आ' जावानीज माणूस 'ऑ'कडे झुकवून बोलतो, त्यामुळेच कर्णाचं नाव घेतलेला नेता सुकार्नो झाला. तो आपल्या शहराला 'योग्यॉकार्तॉ' म्हणेल, आणि घाईत नुसतं 'जोगजा'. डच लोक 'द्योक्याकार्ता' वाचलं जाईल असं काहीबाही लिहीत. मराठीत 'योग्याकार्ता' लिहा, 'का'ला काना देऊन.