संथाऱ्याला इच्छामरण म्हणता येईल का?

ठाण्यात घंटाळीजवळच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाला 'लिव्हिंग विल'ची, म्हणजे आपण बोलू शकत नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाची, माहिती देणारं मराठी पत्रक काढायचं आहे. मसुद्यात 'इच्छामरणपत्र' हा शब्द आहे. त्यावर संघातल्या एका जैन आजींनी विचारलं, "मग आमचा संथाराही इच्छामरणच का?" संथारा म्हणजे आयुष्याच्या अखेरीस अन्नपाणी सोडत देह ठेवण्याचं जैन व्रत.

नाही. आजींची शंका अगदी रास्त आहे, आणि मसुद्यातला शब्दही बदलायला हवा.

इच्छामरण म्हणजे इच्छेनुसार येणारं मरण. शंतनूने भीष्मांना दिलेला वर तो हाच. शरपंजरी पडूनही ते उत्तरायणापर्यंत थांबले, कारण वेळ ठरवणारे तेच होते. दयामरणात दया दुसऱ्याची असते. मरणारा काही बोलला असेलच असं नाही. वृत्तपत्रं मात्र दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. हल्ल्यानंतर अनेक वर्षं अचेत पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या खटल्याच्या (निकाल 7 मार्च 2011) बातम्यांत 'इच्छामरण' सर्रास छापलं गेलं. पण त्यांना स्वतःची इच्छा सांगता येण्यासारखी अवस्थाच नव्हती, अर्ज दुसऱ्यांनी केला होता. तिथे हा शब्द चुकीचाच होता.

आता संथारा. संस्कृत 'संस्तर' म्हणजे पसरलेलं गवताचं अंथरूण. त्याचं प्राकृत रूप संथार. आपलं 'अंथरूण' आलं 'आस्तरण'वरून. दोन्हींत धातू एकच, स्तृ, म्हणजे पसरणे. व्रत घेणारा ज्यावर पडून राहतो त्या अंथरुणाचंच नाव व्रताला मिळालं. शास्त्रातला शब्द सल्लेखना. 'लिख्'चा जुना अर्थ खरवडणे. आयुर्वेदात मेद झडवणाऱ्या क्रियेला आजही 'लेखन' म्हणतात. सल्लेखनेत खरवडायचं ते शरीर आणि कषाय, म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ. ती केव्हा घ्यायची हे जैन आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त नेमकं सांगितलं आहे: उपसर्ग (म्हणजे संकट), दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग असा आला की ज्यावर प्रतिकारच उरला नाही, तेव्हा धर्मासाठी देह सोडणं.

आजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात आहे. तिथे सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत. पहिला जीविताशंसा, दुसरा मरणाशंसा. आशंसा म्हणजे इच्छा. अजून जगावं असं वाटणं हा दोष, आणि लवकर मरण यावं असं वाटणं हाही दोष! म्हणजे संथाऱ्याला इच्छामरण म्हणणं म्हणजे व्रताला त्याच्याच दोषाचं नाव देणं. 10 ऑगस्ट 2015 ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा आत्महत्येत मोडतो असं म्हटलं, तेव्हा जैन समाज इतका दुखावला तो यामुळेच. त्याच महिन्याच्या 31 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांतही, शब्दाला असाच भार आहे. पाराजिका म्हणजे त्यातले सर्वांत गंभीर अपराध. तिसऱ्या पाराजिकेत माणसाला मारण्याबरोबर 'मरणवण्ण', म्हणजे मरणाची थोरवी गाऊन कुणाला त्याकडे वळवणं, हाही भिक्षूला संघातून काढण्याजोगा अपराध आहे. कॅथलिक भूमिका मरण देण्याला ठाम विरोध करते, पण 1957 मध्ये पोप बारावे पायस यांनी स्पष्ट केलं की असाधारण उपाय चालू ठेवण्याचं बंधन रुग्णावर नाही. मरण देणं वेगळं आणि निरुपयोगी उपचार थांबवणं वेगळं, हा फरक पत्रकात सगळ्यात ठळक दिसायला हवा.

म्हणून पत्रकावर 'वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल)' असं लिहा. नुसतं 'इच्छापत्र' लिहिलंत तर लोक फ्लॅट कुणाच्या नावावर करायचा ते विचारतील. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हे तो जिवंत असताना, पण बोलू शकत नसताना.

मजकुरात 'मला मरण द्यावे' हे वाक्य नको; इंजेक्शन देऊन मरण देणं भारतात बेकायदाच आहे. 'शांतपणे जाऊ द्यावे' हेही नको, त्यावरून डॉक्टरांना काय थांबवायचं ते कळत नाही. उपचारांची नावं घाला: 'बरे होण्याची आशा नसल्यास व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करणे हे उपचार सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत, वेदना कमी करणारे उपचार चालू ठेवावेत.' आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावंही त्यातच द्यायची.

9 मार्च 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने याला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 ला न्यायालयाने पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. एक प्रत स्थानिक संस्थेच्या, म्हणजे ठाणेकरांनी महापालिकेच्या, अधिकाऱ्याकडे द्यायची. प्रत्यक्ष वेळ आल्यावर तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं उपचार थांबवावेत का यावर शक्यतो 48 तासांच्या आत आपापलं मत देतात.

मसुद्यात अन्नपाणी सोडून मरण पत्करण्यासाठी 'प्रायोपवेषण' असंही छापलं आहे. ते 'प्रायोपवेशन' हवं: प्राय म्हणजे देह सोडून जाणं, त्यासाठी उपवेशन, म्हणजे बसणं. धातू विश्, म्हणून शहामृगातला श.