जत्रेतले पाळणे बघायचे तर आधी सारंगखेडा

भाऊ, पहिल्याच दिवशी चार ठिकाणं गाठायला जाऊ नको. दत्तजयंतीच्या यात्रेला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला जा. लोक घोड्यांच्या बाजारात रमतात, तू दुपारीच पाळण्यांकडे वळ. तेव्हा पाळणेवाले मोकळे असतात, मनापासून बोलतात. मोठ्या पाळण्यात माणसं कशी बसवतात ते नीट बघ: एक डबा भरला की लगतचा नाही, समोरचा भरतात. वजन दोन्हीकडे सारखं असलं तरच चाक झटका न देता फिरतं. मी अजूनही हे तासभर बघत उभा राहतो.

वाटेत एखादी बंद पडलेली बाग, गंजलेली झुकझुकगाडी दिसली तर राखणदाराला विचारूनच आत जा. कुजलेल्या फळीवर पाय देऊ नको.

वैशाखात जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर, बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा. तिथे मात्र ऊन उतरल्यावरच जा.