लिहायच्या आधीचं काम

प्रिय मित्रा,

वेबसाइटवर खुर्ची विकण्यासाठी तू लिहिलेल्या पानाचा मसुदा दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, शुद्धलेखन चोख आहे. तरीही ते वाचून कोणी खुर्ची घेईल असं मला वाटत नाही. 'उत्कृष्ट', 'दर्जेदार', 'आरामदायी' ही विशेषणं जगातल्या कुठल्याही खुर्चीला लागतील, गादीलाही लागतील. जे वाक्य प्रतिस्पर्ध्याच्या पानावर जसंच्या तसं चालून जाईल, ते खोडून टाक.

खरी अडचण लेखनात नाही. तू लिहायला फार लवकर बसलास. विक्रीचा मजकूर सुचत नाही, तो गोळा करावा लागतो. ज्यांनी ही खुर्ची घेतली आहे अशा पाच-सहा जणांशी आधी बोल. 'आवडली का?' असं विचारू नकोस, बहुतेक जण हो म्हणून मोकळे होतील. घेण्याआधी काय त्रास होता, मन कशामुळे मागेपुढे होत होतं, शेवटी कशाने ठरलं, हे विचार आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. 'संध्याकाळी कंबर धरूनच उठायचो' असं एखादं वाक्य हाती लागलं, तर ते तुझ्या 'अर्गोनॉमिक रचने'पेक्षा (म्हणजे शरीराला सोयीच्या रचनेपेक्षा) कितीतरी जास्त काम करेल, कारण वाचणाऱ्याला त्यात स्वतःची कंबर दिसते. रिव्ह्यूही वाच, आणि तीन तारे देणाऱ्यांचे आधी वाच. खूश माणूस थोडक्यात आटपतो, चिडलेला नुसता राग काढतो. तीन तारेवाला मात्र काय जमलं आणि काय नाही ते नीट सांगतो.

मग वस्तू बनवणाऱ्यांकडे जा. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरात लेखकाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी श्लिट्झ बिअरसाठी हेच केलं. त्या काळी सगळेच बिअरवाले 'शुद्ध' असल्याचं ओरडून सांगत होते. हॉपकिन्स कारखान्यात गेला. बाटल्या यंत्राने चार वेळा कशा धुतात, बिअर गाळलेल्या हवेत कशी थंड करतात, हे त्याने पाहिलं. मालकांना त्याचं काहीच अप्रूप नव्हतं, सगळेच कारखाने तसं करत होते. पण ग्राहकांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. हॉपकिन्सने सांगितलं, आणि 'शुद्ध' या शब्दाला पहिल्यांदा पुरावा मिळाला. तुझ्या खुर्चीतही असं काही असणारच: जोड कसे तपासतात, कापड कसं निवडतात, किती वजन लादून पाहतात. ते आकड्यासकट लिही, आणि आकडा खरा असू दे.

मांडणीबद्दल थोडक्यात. पडद्यावर माणसं ओळ न् ओळ वाचत नाहीत, नजर फिरवतात. वेबसाइट वापरायला सोप्या कशा होतील याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये डोळ्यांच्या हालचाली नोंदवून दाखवलं होतं, की नजर वरच्या ओळींवर आडवी फिरते आणि मग डाव्या कडेने खाली घसरते. म्हणून प्रत्येक उपशीर्षकात काहीतरी ठोस सांग. फक्त उपशीर्षकं वाचूनही सौदा कळला पाहिजे. मुख्य शीर्षक सगळ्यात शेवटी लिही. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा ग्राहकाच्या बोलण्यातच सापडतं.

शंकांची उत्तरं पानाच्या तळाशी ढकलू नकोस. परत देता येईल का, परत पाठवायचा खर्च कोणाचा, जोडणी कोण करून देणार, हे प्रश्न बटण दाबायच्या क्षणी मनात येतात. उत्तर बटणाशेजारीच हवं. बटणावर 'सबमिट' नको, दाबल्यावर काय होणार ते लिही: 'खुर्ची ऑर्डर करा'.

शेवटच्या परिच्छेदातलं ते उलट मोजणारं घड्याळ आणि 'फक्त 2 शिल्लक' ही ओळ आजच काढ. साठा भरपूर आहे, हे तूच मला लिहिलंयस. वापरणाऱ्याला फसवून काही करायला लावणाऱ्या अशा क्लृप्त्यांना हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने 2010 मध्ये 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. या क्लृप्त्यांमुळे विक्री होत नाही असं मी म्हणणार नाही, होते. पण पानावर एक गोष्ट खोटी निघाली की वाचणारा खुर्चीवर लादून पाहिलेल्या वजनाच्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही, आणि तो आकडा तू मेहनतीने मिळवलेला असतो. खुर्ची कोणासाठी नाही, हेही एका ओळीत लिहून टाक. फार उंच माणसाला ती कमी पडत असेल तर तसं सांग. बाकीचं वाचताना वाचणाऱ्याला तुझ्यावर भरवसा वाटेल.

पुढचा मसुदा घाईने पाठवू नकोस. आधी ग्राहकांशी झालेल्या बोलण्याची टिपणं पाठव, जशी उतरवलीस तशीच, न सुधारता. शीर्षक त्यांतूनच मिळून शोधू.