'केंद्र' मूळचा कुठला?

प्रश्न असा होता: 'केंद्र' संस्कृत की ग्रीक, आणि कुंडलीतली केंद्रस्थाने मधोमध नसून चार बाजूंना का?

शब्द ग्रीक आहे. 'केंतेइन' म्हणजे टोचणे, त्यावरून 'केंत्रॉन', म्हणजे टोचणारी वस्तू. बैल-घोडे हाकायची अणकुचीदार पराणी हा त्याचा जुना अर्थ. मधमाशीची आणि विंचवाची नांगी हीही केंत्रॉनच. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका जागी रुतून फिरणाऱ्या भोवऱ्याच्या टोकाला हाच शब्द आहे. मराठीत पराणीच्या टोकाला 'आर' म्हणतात आणि भोवऱ्याच्या खिळ्यालाही 'आर'च. अगदी तीच अर्थछटा!

कर्कटकाचे जे टोक रोवून वर्तुळ काढायचे ते केंत्रॉन, मग त्याने टोचलेला बिंदूही केंत्रॉन. युक्लिडच्या व्याख्येत (इ.स.पू. 300 च्या सुमारास) तो वर्तुळमध्य म्हणून स्थिरावलेला दिसतो. हाच शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत 'सेंटर' झाला. म्हणजे 'परीक्षा केंद्र' आणि 'एक्झाम सेंटर' यांतला दुसरा शब्द एकच, वाटा तेवढ्या दोन.

भारतात तो आला ज्योतिषातून. ग्रीक फलज्योतिषात उदय, मध्यान्ह, अस्त आणि पाताळ या आकाशातल्या चार खुंट्यांना केंत्रॉनचे अनेकवचन 'केंत्रा' वापरत. म्हणून कुंडलीतली 1, 4, 7, 10 ही केंद्रस्थाने. तिथे 'मध्य' हा अर्थ शोधायलाच नको. वराहमिहिराने 'बृहज्जातका'त त्यांना 'कण्टक' असेही म्हटले आहे, आणि कण्टक म्हणजे काटाच. शेजारची 'पणफर' (2, 5, 8, 11) आणि 'आपोक्लिम' (3, 6, 9, 12) ही नावेही ग्रीकच, 'एपानाफोरा' आणि 'आपोक्लिमा' यांवरून आलेली. एकटा शब्द असता तर योगायोग म्हणता आला असता, पण इथे अख्खी परिभाषाच आली आहे.

सिद्धान्तग्रंथ, म्हणजे खगोलगणिताचे जुने संस्कृत ग्रंथ, वाचताना मात्र जपून. तिथे 'केंद्र' हा बिंदू नसून कोन आहे. सूर्यसिद्धान्ताच्या रीतीने मंदोच्चातून (ग्रहाच्या कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू) मध्यम ग्रह (सरासरी गतीने काढलेले ग्रहाचे स्थान) वजा केला की उरते ते मंदकेंद्र. समजा मंदोच्च 77 अंश आणि मध्यम सूर्य 47 अंश, तर केंद्र 30 अंश. त्याच्या ज्येवरून (म्हणजे 'साइन'वरून) मंदफल, म्हणजे मध्यम स्थानाला करायची दुरुस्ती, काढतात. इथे केंद्र म्हणजे 'मध्यबिंदू' असे घेतले, तर 'केंद्राची ज्या' या शब्दांना अर्थच उरत नाही.