सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन एक दिवस कसा आखावा?

तुम्ही विचारलंय, की मे महिन्यात सासू-सासरे, सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी बरोबर आहेत, तर युनिव्हर्सल स्टुडिओज हे थीम पार्क एका दिवसात जमेल का. जमेल. आम्ही असेच तीन पिढ्यांचे सहा जण गेलो होतो.

आधी मुलाची उंची मोजा. आज, घरी, भिंतीला उभं करून. माझी लेक महिनाभर ममीच्या राइडबद्दल बोलत होती. तिथे १२२ सेंटिमीटर उंची लागते, ती ११९ भरली. रांग संपल्यावर मापाच्या पट्टीसमोर तिचा चेहरा जसा उतरला तो मला अजून आठवतो. चूक माझी होती, मी आधी बघायला हवं होतं. ट्रान्सफॉर्मर्सला १०२, पाण्यातल्या ज्युरासिक राइडला १०७, हवेत लटकत नेणाऱ्या कॅनपी फ्लायरला ९२ आणि बॅटलस्टारच्या मोठ्या रोलर कोस्टरला १२५ सेंटिमीटर लागतात. निघण्याआधी हे आकडे पार्कच्या ॲपवर पुन्हा ताडून पाहा आणि काय मिळणार, काय नाही, हे मुलाला इथेच सांगून ठेवा. सहा वर्षांचं मूल घरी समजावलं तर ऐकतं, रांगेच्या टोकाला नाही. धाकटीचं तिकीट लागणार नाही, चार वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे.

दुसरं, विमानातून उतरल्याच्या दिवशी पार्क ठेवू नका. मुंबईहून रात्रीच्या विमानाने गेलात तर झोप अर्धवट होते, त्यात तिथलं घड्याळ अडीच तास पुढे. तिथे सकाळी सातला उठायचं म्हणजे आपल्या शरीराला साडेचार वाजलेले असतात. मोठी माणसं तक्रार करत नाहीत, नुसती गप्प होतात, आणि ते आपल्या लक्षात उशिरा येतं. मधला एक दिवस सोडा. शनिवार-रविवारही टाळा. मेच्या अखेरीस तिथल्या शाळांना सुट्टी लागते, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे बरे.

लिटल इंडियात उतरलात तर जाणं अगदी सोपं आहे. जांभळ्या मेट्रोने थेट हार्बरफ्रंटपर्यंत जायचं, गाडी बदलावी लागत नाही. वर व्हिवोसिटी मॉल आहे. पार्क सेंटोसा बेटावर आहे, तिकडे जाणारी सेंटोसा एक्सप्रेस ही छोटी गाडी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सुटते, पहिल्याच स्टेशनला उतरायचं. बोर्डवॉकवरून, म्हणजे पाण्यावरच्या पादचारी मार्गावरून चालतही जाता येतं, पण आजी-आजोबांची पावलं सकाळीच खर्च करू नका. बाहेरचं खाणं पार्कमध्ये नेता येत नाही, तेव्हा पोटभर नाश्ता करूनच निघा.

आत शिरल्यावर उघड्यावरच्या राइड आधी घ्या. सिंगापूर विषुववृत्ताला अगदी लागून आहे. दुपारी ढग भरून येतात आणि वीज चमकायला लागली की बाहेरच्या राइड थांबवतात. ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि लहानग्यांची स्पॅघेटी स्पेस चेज छपराखाली आहेत, त्या दुपारसाठी राहू द्या. ज्युरासिकमध्ये माणूस निथळून निघतो, म्हणून प्रत्येकाचा एक कोरडा जोड पिशवीत हवाच.

धाकटीसाठी तुम्हा दोघांपैकी एकाला दर वेळी राइड सोडावी लागेल असं नाही. राइडच्या दारातल्या कर्मचाऱ्याला सांगा, की लहान मूल बरोबर आहे. एक जण राइड करून येतो, मग दुसरा पुन्हा रांग न लावता जातो. आम्हाला हे संध्याकाळी कळलं!

सासू-सासऱ्यांना सगळीकडे ओढू नका. वॉटरवर्ल्डचा खेळ त्यांना नक्की दाखवा, बसून बघायचा आहे, फक्त पुढच्या ओळींत पाणी उडतं. दुपारी ते दमले तर एका मोठ्या माणसाने त्यांना मॉलमध्ये नाहीतर हॉटेलवर न्यावं. आमच्या घरी याला आधी विरोध झाला, 'आलोय तर सगळे एकत्रच' म्हणून. पण माझ्या सासऱ्यांनी दोन तास पाय पसरून झोप काढली, आणि संध्याकाळी दारातल्या फिरत्या पृथ्वीगोलापाशी आम्ही पुन्हा भेटलो तेव्हा फोटोसाठी सगळ्यांना त्यांनीच गोळा केलं.