जुनी सुबारू आउटबॅक घेताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मिशिगनच्या बर्फात चालवायला जुनी आउटबॅक, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी सुबारू गाडी, घ्यायची म्हणतोयस, निवड चांगली आहे. पण नुसते मैल बघून भाव करू नकोस. गाडी इंजिन थंड असताना बघायची. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेव, मी येईपर्यंत चालू करू नका.

2000 ते 2009 च्या अडीच लिटर इंजिनाचं मोठं दुखणं म्हणजे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली चकती. या इंजिनाचे सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे असतात, त्यामुळे तेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) हेडच्या खालच्या कडेलाच साचतं आणि तिथूनच पाझरतं. टॉर्च घेऊन गाडीखाली शिर आणि दोन्ही बाजूंना ब्लॉक व हेड जुळतात ती रेघ बघ. नुसती ओल असेल तर घासाघीस कर, थेंब लोंबत असेल तर सोडून दे. तेवढीच जागा धुऊन लख्ख केलेली दिसली तर जास्तच शंका घे. 1996 ते 1999 च्या अडीच लिटर गाड्यांत गळती आतल्या आत होते, बाहेर काही दिसत नाही. अर्धा तास हायवेवर चालवून आण आणि इंजिन चालू ठेवून कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीत बुडबुडे येतात का बघ. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही, भाजशील.

याच इंजिनांचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) 105,000 मैलांवर बदलावा लागतो. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावंच लागतं. पावती नसेल तर बदललेलाच नाही असं धर आणि तो खर्च किमतीतून वजा करायला लाव. बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), आयडलर पुली (बेल्टला वळण देणारी चाकं) आणि वॉटर पंपही बदल. आयडलरचं बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टसुद्धा जातो.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक असला की पुढच्या-मागच्या चाकांमधला क्लच सतत घासतो. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरव. गाडी अडखळत धक्के देऊ लागली तर तो क्लच आवळलाय. पुढे एखादा टायर फाटलाच, तर नवा टायर बाकीच्यांएवढा तासून देणारी दुकानं तिकडे आहेत.

मिशिगनमध्ये रस्त्यांवर मीठ टाकतात. मागच्या चाकांच्या कमानी, मागचा सबफ्रेम (मागची चाकं धरणारा लोखंडी सांगाडा) आणि ब्रेकच्या नळ्या नीट बघ. सबफ्रेमला स्क्रूड्रायव्हरने टोच. आरपार गेला तर गाडी फुकट दिली तरी नको.

चालवून आल्यावर जळक्या ग्रीसचा वास आला तर घाबरू नकोस. पुढच्या उजव्या ॲक्सलचं आतलं रबरी बूट (ग्रीस धरून ठेवणारं आवरण) एक्झॉस्टच्या उष्णतेने फाटतं आणि ग्रीस त्यावर उडतं. काम छोटं आहे, पण लवकर कर.

पैसे देण्याआधी 17 अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकी रस्ते सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून बघ. यातल्या बऱ्याच गाड्या टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये (भाग बदलून घेण्यासाठी गाड्या परत बोलावणे) आहेत. डीलर ती फुकट बदलून देतो. तोवर पुढच्या सीटवर शेजारी कुणाला बसवू नकोस.