शहरातल्या धूर-गर्दीत चालून खरंच काही फायदा होतो का, की ट्रेडमिलच बरा?

मी डॉक्टर नाही. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला उतरणारा नोकरदार आहे, ऑफिस मंत्रालयाजवळ. 4 वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली आणि डॉक्टर म्हणाले, चाला. ट्रेडमिलचं म्हणाल तर जिमचे 3 महिन्यांचे पैसे भरले होते. गेलो 11 दिवस.

मग एका सकाळी शेअर टॅक्सीची रांग बघून वैतागलो आणि सरळ चालत सुटलो. अडीच किलोमीटर, अर्धा तास. रांग धरून टॅक्सीलाही वीसेक मिनिटं लागायचीच! तेव्हापासून जाताना चालतो. येताना नाही, कारण तेव्हा फास्ट लोकल गाठायची असते आणि अंगात त्राणही नसतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझे 5 दिवसांचे अर्धे तास धरा, झाला हिशोब. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरतो. 10,000 पावलांचं मात्र डोक्यात घेऊ नका. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानात पावलं मोजायच्या यंत्राबरोबर विकला गेला, तिथून पसरला.

लंडनच्या डबलडेकर बसवरचा एक अभ्यास मला फार आवडतो. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखवलं की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांनीच गणवेशाची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरा नोकरीला लागतानाच मोठ्या निघाल्या! म्हणजे सगळं श्रेय जिन्याला नाही. माझंही तसंच. शुगर खाली आली, पण चहातली साखरही मी त्याच सुमारास सोडली होती.

धुराचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. थंडीत हवा फारच खराब असली की मी गुपचूप बस धरतो. एरवी दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून जातो. तिथे ऊन लागत नाही, आणि पावसातही बराचसा रस्ता छत्री न उघडता पार होतो. फूटपाथचं मात्र विचारू नका. एका उखडलेल्या फरशीने माझा घोटा 3 आठवडे धरून ठेवला होता. बूट चांगले घ्या आणि चालताना मोबाइल खिशात ठेवा.

हुतात्मा चौक ओलांडून, हायकोर्टाला वळसा घालून मी ओव्हल मैदानात शिरतो. मैदानाच्या मधोमध पायवाट आहे. पाठीमागे राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या टोकदार दगडी इमारती, समोर गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. 2018 मध्ये या दोन्ही रांगा मिळून जागतिक वारसा झाल्या. टॅक्सीत बसून 15 वर्षं मी या भागातून गेलो, पण त्या बाल्कन्या मान वर करून कधी पाहिल्या नव्हत्या.

ज्यांना असा ऑफिसचा रस्ता नाही त्यांनी रात्री जेवून सोसायटीच्या आवारात 10-15 मिनिटं शतपावली घालावी. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती एकदम उसळत नाही. आजी सांगायची तेच, फक्त शंभर पावलांवर थांबू नका.

आणि ट्रेडमिलवर "काका, बॉल!" अशी हाक येत नाही. ओव्हलवर एकाच वेळी दहा-बारा मॅच चालू असतात, त्यामुळे कुणाचा तरी चेंडू पायाशी येतोच. परवा पिशवी खाली ठेवून फेकला, तर दुसऱ्याच मॅचच्या पिचवर जाऊन पडला. दोन्हीकडच्या पोरांनी शिव्या घातल्या.